सध्या जीव जडलेल्या गोष्टी, आणि त्या बघण्याआधी बदलायची सेटिंग्ज

सध्याच्या सिनेमा-मालिका-संगीतात मला सगळ्यात जास्त भुरळ पडते ती कारागिरीची. एकेका फ्रेमवर, एकेका आवाजावर माणसं जीव ओततात आणि टीव्ही खोक्यातून बाहेर येतो तो ती मेहनत पुसून टाकणारी सेटिंग्ज घेऊनच. याचं मला खरंच वाईट वाटतं. म्हणून आवडत्या नावांसोबत ती नीट कशी बघायची, तेही लिहायला हवं.

सगळ्यात वर 'स्पायडर-मॅन: इन्टू द स्पायडर-व्हर्स' (२०१८) हा ॲनिमेशनपट. सिनेमा सेकंदाला २४ फ्रेमचा असतो. यात नवा स्पायडर-मॅन झालेला माइल्स बराच काळ 'ऑन टूज' चालतो, म्हणजे एक पोझ दोन फ्रेम टिकते आणि सेकंदाला १२ पोझच मिळतात. जंगलातल्या प्रसंगात त्याच्यासोबत झोके घेणारा जुना स्पायडर-मॅन पीटर मात्र 'ऑन वन्स' आहे, पूर्ण २४ पोझ. एक नवशिका, दुसरा मुरलेला, हे एकही शब्द न बोलता डोळ्यांना कळतं. २०२३च्या पुढच्या भागात तर स्पायडर-पंक या पात्राचं शरीर आणि गिटार यांचीही गती वेगवेगळी आहे.

आता टीव्हीचं मोशन स्मूदिंग काय करतं? दोन फ्रेमच्या मधे स्वतःच्या अंदाजाने नव्या फ्रेम घुसवतं. दोघांच्या हालचालीतला फरक बोथट होतो आणि वेगाच्या दृश्यांत बाह्यरेषांभोवती थरथरते डाग दिसतात. एलजीत हे 'ट्रूमोशन', सोनीत 'मोशनफ्लो', सॅमसंगमध्ये 'पिक्चर क्लॅरिटी' किंवा जुन्या सेटवर 'ऑटो मोशन प्लस' या नावाने सापडेल. बंद करा. 'फिल्ममेकर मोड' असेल तर तो निवडला की हेही बंद होतं.

फसायला होतं ते याच्या पुढे. बऱ्याच टीव्हींवर ही सेटिंग्ज प्रत्येक एचडीएमआय इनपुटला वेगळी असतात आणि साधं चित्र आणि एचडीआर, डॉल्बी व्हिजन हे उजेड-अंधाराचा जास्त आवाका दाखवणारे प्रकार यांनाही वेगळी. एकदा बंद केलं आणि तरी सगळं गुळगुळीत दिसतंय, याचं कारण बहुतेक वेळा हेच. प्रत्येक प्रकारचं काहीतरी लावून, ते चालू असतानाच मेनू उघडून तपासा. स्ट्रीमिंग बॉक्स असेल तर त्यात 'मॅच फ्रेम रेट' चालू करा. नाहीतर २४ फ्रेमचा सिनेमा ६० हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने, येतो. २४ने ६०ला नि:शेष भाग जात नाही, म्हणून एक फ्रेम तीनदा आणि पुढची दोनदा दाखवली जाते आणि कॅमेरा आडवा फिरला की चित्र अडखळतं. १२० हर्ट्झच्या पडद्यावर प्रत्येक फ्रेम बरोबर पाचदा बसते. ओएलईडी प्रकारच्या टीव्हीवर एवढं करूनही हे अडखळणं खुपत असेल आणि ते कमी करणारी 'डी-जडर'ची पट्टी असेल, तर ती १० पैकी १ किंवा २वर ठेवा, धूसरपणा कमी करणारी 'डी-ब्लर' शून्यावर. त्याहून वर जाऊ नका.

'ॲडोलेसन्स' (२०२५) ही मालिका अजून डोक्यातून जात नाही. चार भाग, प्रत्येक भाग एकाच सलग शॉटमध्ये, कुठे लपवलेला कट नाही. प्रत्येक भागाला साधारण तीन आठवडे दिलेले: एक नटांच्या तालमीला, एक तांत्रिक तालमीला आणि तिसऱ्यात चित्रीकरण, दिवसाला दोन टेक असा बेत. पहिल्या भागात आपण बघतो तो दुसरा टेक आहे, चौथ्यात सोळावा. कॅमेरा डीजेआयचा रोनिन ४डी. गिम्बल, म्हणजे कॅमेरा स्थिर धरणारं यंत्र, त्यातच असल्यामुळे हलका, म्हणून चालू शॉटमध्येच एका ऑपरेटरच्या हातातून दुसऱ्याच्या हातात देता येतो. दुसऱ्या भागाच्या शेवटी तो ड्रोनला जोडला जातो, उडतो आणि पुन्हा जमिनीवर एका चेहऱ्यापाशी येऊन थांबतो. पहिल्यांदा बघताना हे शोधत बसू नका. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा दारं आणि गाड्या यांच्याकडे लक्ष ठेवा, बऱ्याच जोखमीच्या जागा तिथेच आहेत. एक भाग मधे न थांबवता बघा आणि पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद ठेवा. शेवटच्या क्षणानंतरची शांतता त्या भागाचाच हिस्सा आहे असं माझं ठाम मत आहे.

'सिनर्स' (२०२५) हा सिनेमा दोन फिल्म फॉरमॅटवर चित्रित झालाय: अल्ट्रा पॅनाव्हिजन ७०, म्हणजे २.७६:१ची लांबच लांब चौकट, आणि आयमॅक्स, म्हणजे जास्त उंच चौकट. चित्र उंचीत मोठं होतं तो क्षण मुद्दाम राखून ठेवलेला असतो. रुंद चौकटीच्या वेळी घरच्या पडद्यावर चित्र उंचीचा साधारण ६४ टक्के भागच व्यापतं. काळे पट्टे नकोत म्हणून झूम केलंत, तर दोन्ही बाजू मिळून एक तृतीयांशाहून जास्त चित्र कापलं जाईल, आणि चौकट उघडण्याचा परिणामही जाईल. झूम 'ओरिजनल'वरच हवं, आणि खोलीत अंधार हवा.

'फ्लो' (२०२४) हा लाटव्हियाचा ॲनिमेशनपट, ब्लेंडर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये केलेला, एकही संवाद नसलेला. २०२५चं ऑस्कर त्याला मिळालं याचा मला अतोनात आनंद आहे. प्राण्यांचे आवाज खऱ्या प्राण्यांचे आहेत. कॅपिबारासाठी मात्र उंटाच्या पिल्लाचा आवाज वापरलाय. टीव्हीच्या मागच्या बाजूला बसवलेल्या स्पीकरवर यातलं पाणी आणि पावलं निम्मी हरवतात. साधे वायरचे हेडफोनही बरे.

आवाजावरून आठवलं. संवाद पुटपुटल्यासारखे आणि स्फोट कानठळ्या बसवणारे, ही तक्रार सगळ्यांचीच. ५.१ मिश्रणात, म्हणजे पाच स्पीकर आणि एका सबवूफरसाठी केलेल्या आवाजात, बहुतेक संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमच्याकडे दोनच स्पीकर असतील तर टीव्ही ते सगळं दोघांत कोंबतो. ॲपच्या ऑडिओ मेनूत स्टिरिओ ट्रॅक असेल तर तो घ्या. नसेल तर टीव्हीतला नाइट मोड लावा. त्याने हळू आणि मोठ्या आवाजातलं अंतर कमी होतं. नुसता आवाज वाढवून स्फोटही तेवढेच वाढतात.

संगीतात बियॉन्सेचा 'रेनेसान्स' (२०२२) पुन्हा पुन्हा. १६ गाणी, आणि बरीचशी एकातून दुसऱ्यात ठोका न चुकता शिरतात. त्यासाठी शफल बंद, क्रॉसफेड (एक गाणं विरताना त्यावर दुसरं चढवणं) शून्य, गॅपलेस (दोन गाण्यांत खंड न ठेवणं) चालू. क्रॉसफेड पाच सेकंदांवर राहिला, तर जे सांधे तिने बेतून बसवलेत त्यांच्यावर ॲप स्वतःचा सांधा चढवतं आणि तालाचा चिखल होतो. स्पॉटिफायवर आवाजाची पातळी 'लाउड' ठेवू नका, त्यात लिमिटर, म्हणजे ठराविक पातळीवरचा आवाज दाबणारी प्रक्रिया, लागू शकतो आणि ठोक्यांची टोकं दबतात. 'नॉर्मल'वर ठेवा, आवाज हवा तर बटणाने वाढवा. आणि गाणी प्लेलिस्टमधून न लावता अल्बमच्याच पानावरून लावा. तिथे क्रमाने ऐकताना पातळीची दुरुस्ती पूर्ण अल्बमला एकसारखी होते, त्यामुळे हळू गाणं हळूच राहतं.