ताईंच्या एक स्टारच्या रिव्ह्यूला दुकानाकडून उत्तर

नमस्कार ताई. चटणीच्या पाकिटांची लेबलं मंगळवारी देतो म्हणालो होतो आणि हातात पडली गुरुवारी दुपारी, त्याबद्दल मनापासून सॉरी. शनिवारी बचत गटाचा स्टॉल होता, तुमचा जीव टांगणीला लागला असणार. ती चूक आमचीच.

पण "नेटवर फुकट मिळणाऱ्या फॉन्टचे १,८५० रुपये लावले, सरळ लूट आहे" हे जे लिहिलंत ना, ते वाचून रात्री झोप लागली नाही. सांगलीत ११ वर्षं डीटीपीचं दुकान चालवतोय, गिऱ्हाईक हा रिव्ह्यू बघूनच जिना चढतं, म्हणून नीट सांगतो.

भाच्यानं डाउनलोड केलेली जी झिप तुम्ही व्हॉट्सअपवर पाठवलीत, त्यात फॉन्टसोबत एक छोटी टेक्स्ट फाइल होती. ती कोणी उघडत नाही, पण आम्हाला उघडावी लागते. त्यात सरळ लिहिलंय की हा फॉन्ट फक्त वैयक्तिक वापरासाठी फुकट, धंद्यासाठी वापरायचा तर लायसन्स घ्या. म्हणजे घरातल्या बारशाची पत्रिका केली तर एक रुपया लागत नाही, पण चटणीच्या पाकिटावर छापून पाकीट विकायचं म्हटलं की तो धंदा झाला, मग पाकिटं पाच असोत का पाचशे. फॉन्ट पण सॉफ्टवेअरच असतं ताई, कोणीतरी एकेक जोडाक्षर बसून काढलेलं असतं.

आणि ती फुकटची कॉपी होती पण अर्धवट. "कोल्हापुरी" टाइप केलं तर ल्ह जुळतच नव्हता, पाय मोडलेला ल आणि शेजारी सुटा ह. तुम्हीच स्क्रीनवर बोट ठेवून विचारलंत, हे असं काय दिसतंय म्हणून. तेव्हाच मी तुम्हाला "एक टाइप" या फॉन्ट बनवणाऱ्यांचे मुक्ता आणि बालू हे फॉन्ट लावून दाखवले, ते ओपन फॉन्ट लायसन्सचे आहेत, मालावर छापले तरी पैसे लागत नाहीत, फक्त ती फॉन्टची फाइल सुटी विकायची नाही एवढंच. बालूमध्ये "कांदा लसूण चटणी" खरंच छान दिसत होतं, मला तर तेच जास्त आवडलं होतं. तुम्ही म्हणालात, नको दादा, घरी सगळ्यांना तोच आवडलाय. मग मी १,८५० चा आकडा टाकला आणि त्याखाली तुमचा "ओके" आहे, चॅट अजून माझ्याकडे आहे.

त्या १,८५० मधला एक रुपया माझ्या गल्ल्यात आला नाही. सगळे फॉन्ट बनवणाऱ्याला गेले, बिल तुमच्या नावावर आहे, उद्या तुम्ही दुसऱ्या डिझायनरकडे गेलात तरी लायसन्स तुमचंच. माझं डिझाइनचं ६०० वेगळं लिहिलंय. उशीर पण त्यातच झाला, पेमेंट बाहेरच्या देशात होतं, माझं कार्ड दोनदा रिजेक्ट झालं आणि पूर्ण फॉन्ट बुधवारी सकाळी मेलवर आला. तेव्हा एक फोन करून कळवायला हवं होतं, ते राहिलं.

इतका हट्ट का धरला तेही सांगतो. तीन वर्षांपूर्वी एका हॉटेलच्या बोर्डाला मी असाच न बघता फॉन्ट वापरला होता, फॉन्टवाल्याचा मेल हॉटेलमालकाला गेला आणि भरपाई मी खिशातून भरली, त्या महिन्याचं दुकानभाडं उसनं घेऊन दिलं. तेव्हापासून डिझाइनचं कोरल सॉफ्टवेअरसुद्धा विकतचं आहे, चोरीचं क्रॅक नाही. जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरलं तर कॉपीराइट कायद्याच्या ६३ब कलमात कमीत कमी ७ दिवसांची कैद आणि ५० हजार दंड लिहिलाय, माझ्यासारख्याला ते झेपणारं नाही. तुमच्यावर पण ती वेळ येऊ नये असंच वाटलं, आणि त्यालाच लूट म्हटलंत याचं फार वाईट वाटलं.

यापुढे फॉन्टचा खर्च आधी कागदावर देऊ, आणि वेळेचं पण काहीतरी नीट बसवतो. तुमचं लायसन्सचं बिल आणि लेबलची फाइल पेनड्राइव्हवर काढून काउंटरवर ठेवलीय, रविवार सोडून कधीही या.