आईच्या उशाशी पुदिना होता

सकाळी फोन उघडला तर घरच्या ग्रुपवर पहिलाच मेसेज: ‘पुदिन्याचं एक पान, अकरा रोगांवर रामबाण.’ यादी अपचनापासून सुरू होऊन थेट कॅन्सरवर संपत होती. खाली अंगठे, नमस्कार, ‘छान माहिती’. आणि आत्याने लिहिलं होतं, ‘मी आजपासून बीपीची गोळी बंद करून हेच सुरू करते.’

चहा तसाच गार झाला. आत्याला फोन लावला आणि ती गोळी घेईपर्यंत ठेवला नाही. ती घेतली तिने. पण राग काही गेला नाही, म्हणून इथे लिहितेय. तुम्हाला हे पटवून द्यायची गरज नाही, माहितीये मला. तरी वाचा.

पुदिना मला कुणी नव्याने सांगायला नको. गेली सात वर्षं माझ्या खिडकीत त्याची कुंडी आहे आणि ती का आहे ते सांगते.

आईचं शेवटचं आजारपण. केमो चालू होती. मळमळ इतकी की साबणाचा वास चालायचा नाही, नुकत्याच धुतलेल्या चादरीचाही नाही. पाण्याचा पेला दिसला तरी ती मान फिरवायची. एका दुपारी मी कुंडीतली वाळकी पानं खुडून तशीच तिच्याजवळ येऊन बसले. तिने माझा हात धरला, नाकाशी नेला आणि डोळे मिटून पडून राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, “अगं, जरा पाणी दे.”

दोन घोट प्यायली. सकाळपासूनचे पहिले दोन घोट. ज्यांनी असं माणूस सांभाळलंय त्यांना दोन घोट म्हणजे काय ते कळेल.

त्या दिवसापासून तिच्या उशाशी एका वाटीत पुदिन्याची चार पानं असायची. पानं नुसती ठेवून उपयोग नसतो, हे तेव्हा कळलं. सुगंधी तेल पानावरच्या बारीक बारीक ग्रंथींमध्ये कोंडलेलं असतं, पान चुरडल्याशिवाय ते मोकळं होत नाही. ती स्वतःच दोन बोटांत पान चुरगळायची. तेवढी ताकद उरली होती.

आता त्या मेसेजकडे येते. ‘पुदिन्याने बंद नाक उघडते.’ नाही उघडत! पुदिन्यात मेंथॉल नावाचं गारवा देणारं द्रव्य असतं, त्यामुळे नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं. आपल्या त्वचेत, नाकात, तोंडात गारवा ओळखणाऱ्या नसा असतात, त्यांच्यावर टीआरपीएम८ नावाचं एक दार असतं. थंडी लागली की ते उघडतं, आणि मेंथॉल लागलं तरी उघडतं. आत येणारी हवा तेवढीच असते, फक्त ती गार लागते. डेव्हिड ज्युलियस आणि आर्डेम पॅटापूटियन यांना 2021 चं वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं ते तापमान आणि स्पर्श ओळखणारी अशी दारं शोधल्याबद्दल. दोघांनीही वेगवेगळं काम करताना मेंथॉल हाताशी धरलं होतं. एक पान चावल्यावर जे होतं त्यात एवढं सगळं आहे. हे सांगा ना लोकांना! हे काय कमी नवलाचं आहे, की त्याला अकरा रोग चिकटवावे लागतात?

आणि सर्दी झालेल्या तान्ह्या बाळाच्या नाकाला पुदिन्याचा अर्क लावा, असंही त्यात लिहिलंय. हे वाचून मात्र माझे हात थरथरले. बाळांच्या आणि लहान मुलांच्या नाकाशी, तोंडाशी मेंथॉल नेऊ नये, त्याने घसा आवळून श्वास अडू शकतो. ज्याने कुणी हा मेसेज पुढे ढकलला त्याने हे वाचलं तरी होतं का? घरात तान्हं बाळ असलेली दोन माणसं आहेत त्या ग्रुपवर.

हो, मान्य, पाठवणाऱ्याचा हेतू वाईट नसतो. पण मनातला हेतू बाळाच्या घशापर्यंत पोहोचत नाही.

‘ॲसिडिटीवर उत्तम’ हेही आहेच यादीत. पुदिन्याने पोटातले स्नायू सैलावतात, म्हणून कळ थांबते, गॅसने तडतडणारं पोट निवतं. पण अन्ननलिका आणि जठर यांच्यामधला स्नायूही त्यासोबत सैलावतो आणि आम्ल वर येतं. ज्यांची छाती जळजळते त्यांना त्याने जास्त त्रास होऊ शकतो. ज्या गुणामुळे फायदा होतो त्याच गुणामुळे हा तोटा होतो.

आणि पोटाच्या दुखण्यावर तो खरोखर कामाचा आहे, हे मी ठासून सांगेन. इरिटेबल बॉवेल सिंड्रोम म्हणजे ज्यांचं आतडं सतत कुरकुरतं, त्यांना पेपरमिंट या पुदिन्याच्याच एका जातीच्या तेलाच्या कॅप्सूल डॉक्टरही सुचवतात. त्या कॅप्सूलवर असं आवरण असतं की ती जठरात न विरघळता आतड्यात जाऊन विरघळते. म्हणजे तिथेही आधी विचार केलाय, मापून दिलंय. बाटलीतलं तेल चमच्याने पिणं ही वेगळी गोष्ट आहे, ते विषारी ठरू शकतं. कुंडीतलं पान आणि बाटलीतलं तेल यांत किती अंतर आहे, हे त्या मेसेजमध्ये एका ओळीत लिहिलं असतं तरी मी गप्प बसले असते.

आई गेल्यावर भेटायला आलेल्या एका गृहस्थांनी उशाशी राहून गेलेली ती वाटी पाहिली आणि म्हणाले, “नुसता वास काय घेता! रोज रस पाजला असता तर वाचल्या असत्या.”

मी काही बोलले नाही. पाणी आणायला म्हणून आत गेले आणि तिथेच उभी राहिले. सात वर्षं झाली, ते वाक्य अजून अधूनमधून रात्री येतं. पाजला असता तर. मला माहीत आहे की त्याने काही झालं नसतं. तरी येतं. असे मेसेज तुम्ही पुढे पाठवता ना, तेव्हा ते कुणाच्या तरी घरी असं वाक्य होऊन पोहोचतात.

असो. लिहिता लिहिता जरा शांत झालेय.

कुणी म्हणेल, एवढंच आहे तर मग पुदिना लावायचा कशाला. लावा हो! जरूर लावा. मूठभर पानं गरम पाण्यात टाकून वर झाकण ठेवा, पाच-दहा मिनिटांनी गाळून प्या. झाकण विसरू नका, नाहीतर सगळा वास हवेत उडून जातो आणि पेल्यात नुसतं हिरवट पाणी उरतं. जड जेवणानंतर बरं वाटतं. तोंडाला वास येत असेल तर पान चघळा, थोडा वेळ झाकला जातो. कायम येत असेल तर दात दाखवून या. फुलं यायच्या आधी शेंडे खुडत राहा, रोप दाट होतं.

आणि त्याला स्वतंत्र कुंडी द्या. दुसऱ्या कुणासोबत लावू नका, मातीखालून धावणारी खोडं सोडून तो शेजाऱ्याची जागा बळकावतो. आईची कुंडी मी ती गेल्यानंतर दोन महिने पाहिलीसुद्धा नव्हती. वर सगळं वाळून काडी झालं होतं. फेकायला म्हणून उचलली तर मातीच्या कडेला एक कोंब.

माझा आहे तो पेपरमिंट, म्हणजे स्पिअरमिंट आणि पाणपुदिना या पुदिन्याच्या दोन जातींचा संकर. तो सहसा बी धरत नाही. जिथे जिथे तो आहे तिथे एका फांदीची दुसरी, दुसरीची तिसरी असाच पोहोचलाय. फांदीपासून लावलेलं रोप म्हणजे त्याच झाडाचा तुकडा, नवीन झाड नव्हे. हे मला बऱ्याच उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा मी कुंडीसमोर बसून रडले होते. आईने बोटांत चुरगळलेला पुदिना आणि माझ्या खिडकीतला पुदिना हे एकच झाड आहे.

दुपारी आत्याचा फोन आला. बीपी मोजलं, ठीक आहे म्हणाली. मग जरा थांबून विचारलं, “तुझ्या आईच्या पुदिन्याची एक फांदी मला देशील का गं?”

मघाशी पेराच्या खाली एक फांदी कापली, खालची पानं काढली आणि पाण्याच्या पेल्यात ठेवली आहे. आठ-दहा दिवसांत मुळं फुटतील. पेला मोठा आहे. आणखी कुणाला हवी असेल तर सांगा, तोवर पाणी मी बदलत राहीन.