गड उतरल्यानंतरचा जिना

सिंहगड चढताना नुसता दम लागतो. मांड्या भरून येतात त्या उतरल्यामुळे, आणि तेही दोन दिवसांनी, नेमकी सोसायटीची लिफ्ट बंद असताना. आज सकाळी कठडा धरून आडवी पावलं टाकत मी उतरत होतो. तिसऱ्या मजल्यावरचे काका पिशवी घेऊन मागून आले, थांबले, माझी चाल न्याहाळली आणि अख्ख्या जिन्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "मूळव्याध?"

"नाही हो काका. परवा गडावर गेलो होतो."

"परवा? मग आज कसं दुखतंय? हां, लॅक्टिक ॲसिड! साठलंय."

"ते तासाभरात रक्तातून निघून जातं, काका. परवाचं आज कुठून शिल्लक राहणार?"

"तुमच्यात राहिलं असेल. लिंबूपाणी घ्या. ॲसिडला ॲसिडच मारतं." मग स्वतःच्या मांडीवर थाप मारून, "मी बघा. चौऱ्याहत्तर पूर्ण. लिफ्टचं तोंड बघत नाही. दिवसातून चारदा हा जिना उतरतो. दुखतं काही? मेथीचे लाडू!"

आणि कठड्याला हातही न लावता मला ओलांडून गेले.

संताप याचा, की खरं कारण ते स्वतःच बोलून गेले आणि श्रेय मात्र लाडवाला दिलं. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच जोर लावून शरीराचा भार पेलतो. या ओढाताणीत त्याचे सूक्ष्म तंतू जागोजागी विस्कटतात. मग पांढऱ्या पेशी धावून येतात आणि मोडतोड साफ करायला ऑक्सिजनची तिखट संयुगं सोडतात. गळकी पाइपलाइन दुरुस्त करायला येऊन शेजारचा धड रस्ताही उखडणाऱ्या महापालिकेसारखी त्यांची कामाची रीत. म्हणून दुखणं एक ते तीन दिवसांत कळसाला पोचतं, आणि फाटक्या स्नायूंतून रक्तात झिरपणारं क्रिएटिन कायनेज हे एन्झाइम कधी कधी त्याहूनही उशिरा.

पण उतरण्याचं हेच काम आधी थोडं झालेलं असेल, तर पुढच्या खेपेला मोडतोड कमी, म्हणून पेशींची गर्दी कमी आणि त्या तिखट संयुगांचा मारा, म्हणजे ऑक्सिडेटिव्ह ताणही कमी. थोडं म्हणजे किती? कमाल ताकदीच्या जेमतेम दहा टक्के जोरावर, दोन दिवस आधी केलेला सरावही उपयोगी पडतो, आणि तो स्वतः जवळजवळ दुखत नाही. खुर्चीत चारपर्यंत आकडे मोजत सावकाश बसायचं, उठताना हातांचा आधार घ्यायचा. दहा वेळा, दोन मिनिटं दम खाऊन पुन्हा दहा. किंवा लिफ्टने वर जाऊन जिन्याने खाली यायचं. सपाटीवर मैलोन्‌मैल चाललात तरी मांड्यांना उतरणीची सवय होत नाही. हलक्या सरावाचं कवच फार दिवस टिकत नाही, तेव्हा आदल्या महिन्यातल्या बैठका हिशेबात धरू नयेत.

लिंबूपाणी प्यावं, चव छान असते. पण 'अँटिऑक्सिडंट', म्हणजे ती तिखट संयुगं निकामी करणारं औषध, म्हणून व्यायामाच्या दिवसांत जीवनसत्त्वांच्या गोळ्या रिचवणाऱ्यांसाठी एक वाईट बातमी आहे. 2009 साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात रोज 1000 मिलिग्रॅम 'क' आणि 400 युनिट 'ई' घेणाऱ्यांमध्ये व्यायामाने सुधारायला हवी होती ती इन्सुलिनची संवेदनशीलता, म्हणजे इन्सुलिनला शरीर देतं ती दाद, सुधारलीच नाही. थोडासा ताण हाच शरीराला आपली बचावाची एन्झाइम्स वाढवण्याचा इशारा असतो. तो इशाराच आपण पैसे मोजून गिळतो.

काका निदान फुकट सल्ला देतात. वर्षभराची फी आगाऊ घेऊन पहिल्याच दिवशी नवख्याला शंभर बैठका मारायला लावणारे आणि दुसऱ्या दिवशी तो कमोडवर बसू शकला नाही की "मसल बनतोय, सर" म्हणणारे ट्रेनर मात्र डोक्यात जातात. बनत काही नसतं, फाटलेलं असतं. त्यातून लघवी कोऱ्या चहासारखी काळपट झाली, तर त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. स्नायूंतलं प्रथिन मूत्रपिंडात उतरलेलं असतं आणि त्यावर प्रोटीन शेक चालत नाही.