‘फास्ट’ नाम की विशेषण? आधी वाक्य दाखवा

इंग्रजीच्या पार्ट्स ऑफ स्पीचबद्दल, म्हणजे शब्दांच्या जातींबद्दल, आज सविस्तर लिहायचं आहे. दहावीला चांगले मार्क पडलेली मुलंसुद्धा पुढे याच ठिकाणी अडखळतात. नाउनची व्याख्या विचारा, एका दमात म्हणून दाखवतील. मग ‘ही रॅन फास्ट’ हे वाक्य द्या आणि ‘फास्ट’ची जात विचारा. निम्म्याहून अधिक मुलं विशेषण म्हणतात, कारण वहीतल्या यादीत ‘फास्ट ट्रेन’ असते. इथे मात्र तो शब्द पळण्याबद्दल सांगतोय, म्हणून तो क्रियाविशेषण. ‘शी फास्ट्स ऑन एकादशी’ म्हटलं की तोच शब्द क्रियापद होतो आणि ‘शी ब्रोक हर फास्ट’ मध्ये नाम.

माझं मत स्पष्ट आहे. शब्द सुटा काढून त्याची जात विचारणं आपण बंद केलं पाहिजे. इंग्रजी शब्दाची जात तो त्या वाक्यात काय काम करतो त्यावर ठरते. याद्या पाठ करून घेण्यात आपण मुलांची वर्षं घालवतो आणि नेमकी हीच गोष्ट सांगायची राहून जाते.

खरं तर मराठी मुलाला हे अवघड जायचं कारण नाही. ‘गोड आंबा’ मध्ये गोड विशेषण आहे, ‘ती गोड गाते’ मध्ये क्रियाविशेषण आणि ‘मला गोड आवडतं’ मध्ये नाम. ‘वर बघ’ आणि ‘टेबलावर’ यातला ‘वर’सुद्धा तसाच. हे त्याला कोणी शिकवलेलं नसतं, तरी तो एकदाही चुकत नाही. मग इंग्रजीची सुरुवात इथूनच का करू नये?

फरक पुढे पडतो. मराठीत शब्दाचं काम पुष्कळदा प्रत्यय सांगतो. ‘वाघाने हरीण मारलं’ म्हणा किंवा ‘हरीण वाघाने मारलं’, कोण मेलं ते कळतं, कारण ‘ने’ वाघाला चिकटलेला आहे. इंग्रजीत ‘द टायगर किल्ड द डिअर’ मधली दोन नामं अदलाबदल करा, हरणाने वाघ मारला असं होईल. म्हणजे तिथे जागाच सगळं सांगते. ‘द’ नंतर आणि क्रियापदाच्या आधी आलेला शब्द बहुधा नाम, ‘कॅन’ किंवा ‘विल’च्या मागोमाग आलेला बहुधा क्रियापद. ‘कॅन यू वॉटर द प्लांट्स?’ यात कर्ता मध्ये आला तरी ‘वॉटर’ क्रियापदच आहे. पाणी म्हणजे नाम असं घोकलेलं मूल इथे हमखास गोंधळतं.

शेपटावर विसंबलं तरी फसगत होते. ‘ली’ लागला की क्रियाविशेषण, असं सरसकट सांगितलं जातं. पण ‘फ्रेंडली’, ‘लव्हली’, ‘कॉस्टली’ ही विशेषणं आहेत. आणि ‘हार्ड’? ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो, ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जेमतेमच काही करतो. ‘आय वर्क हार्डली’ असं नोकरीच्या अर्जात लिहिलेलं मी वाचलं आहे. लिहिणारा कष्टाळू असेल याबद्दल मला शंका नाही. नियम अर्धवट शिकवला गेला आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागली, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

जात कळली की नेहमीच्या कितीतरी चुका आपोआप सुटतात. ‘गोइंग टू होम’ घ्या. आपण ‘शाळेत जातो’ म्हणतो तसं ‘घरी जातो’ म्हणतो. ‘गो होम’ मधला ‘होम’ क्रियाविशेषण आहे. आपल्या ‘घरी’ मध्ये जसा प्रत्यय आधीच मुरलेला आहे, तसा त्याच्यात ‘टू’चा अर्थ आहेच. ‘डिस्कस अबाउट’चंही तेच. ‘डिस्कस’ हे क्रियापद थेट कर्म घेतं, ‘डिस्कस द प्रॉब्लेम’. पण त्याचं नाम केलं की ‘अ डिस्कशन अबाउट द प्रॉब्लेम’ अगदी बरोबर. मुलाने ‘अबाउट’ कुठेतरी ऐकलेलं असतं ते खरंच असतं, फक्त ते नामाबरोबर ऐकलेलं असतं.

उच्चारातही जात दडलेली असते, आणि याकडे आपल्याकडे फारच कमी लक्ष जातं. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर, म्हणजे ‘रे’वर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर, आणि तेव्हा तो ‘रिकॉर्ड’कडे झुकतो. ‘प्रेझेंट’, ‘परमिट’, ‘ऑब्जेक्ट’ यांचंही तसंच. मराठीत आघात बदलल्याने शब्दाची जात बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला ही सवय मुद्दाम लावावी लागते.

आता शाळेत जाती आठ म्हणून शिकवतात, त्या ‘आठ’ आकड्याबद्दल. तो दगडावरची रेघ नाही. ग्रीक व्याकरणकार डायोनिसियस थ्रॅक्स याच्या नावावरच्या जुन्या व्याकरणात आठच जाती होत्या, पण त्यात विशेषण वेगळं नव्हतं, आर्टिकल (इंग्रजी ‘द’सारखे शब्द) आणि पार्टिसिपल (धातूपासून बनलेली विशेषणासारखी रूपं) होती. लॅटिनमध्ये आर्टिकलच नाही, म्हणून तिथल्या व्याकरणकारांनी केवलप्रयोगी अव्यय घालून आठ भरले. आपल्या प्राचीन यास्काने निरुक्त या ग्रंथात चारच सांगितल्या: नाम, आख्यात (क्रियापद), उपसर्ग, निपात (अव्ययं). आजची इंग्रजी व्याकरणं ‘अ’, ‘द’, ‘धिस’, ‘माय’ यांचा डिटरमायनर, म्हणजे नामाआधी येऊन ते कोणतं हे ठरवणारे शब्द, असा स्वतंत्र गट करतात. मराठी मुलांना आर्टिकल सगळ्यात जास्त छळतात, कारण आपल्याकडे ती नाहीतच. त्यांना विशेषणाच्या कोपऱ्यात ढकलून दोन तासांत उरकणं मला पटत नाही. त्यांना महिनाभर द्या.

राज्यात 2000 पासून मराठी माध्यमातही पहिलीपासून इंग्रजी आहे. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं हातात असतात. एवढ्या काळात एक बदल सहज करता येईल. अधोरेखित शब्दाची जात ओळखा या प्रश्नाला दोन मार्क ठेवा: एक उत्तराला आणि एक ‘कशावरून?’ला. मुलाने कारण मराठीत लिहिलं तरी तो मार्क पूर्ण द्या.