धूर तोच, हवा वेगळी

गावाकडच्या हवेवरचा एक लेख वाचला. त्यात खराब हवेचं सगळं खापर चुली आणि शेतातल्या जाळपोळीवर फोडलंय. खोटं नाही, पण अर्धंच. तेवढाच धूर उन्हाळ्यात दुपारी वर निघून जातो आणि हिवाळ्यात पहाटे नाकातोंडात बसतो, तो का? एरवी दर किलोमीटर उंचीला हवा सरासरी ६.५ अंशांनी थंड होत जाते. पण निरभ्र, वारा पडलेल्या थंडीच्या रात्री जमीन झपाट्याने निवते, तिला टेकलेली हवा गारठते आणि ऊबदार थर वर राहतो. म्हणजे सगळं उलटं! त्यात गाव डोंगरांमधल्या खोलगटात असेल तर उतारांवरची जड, गार हवाही खाली येऊन साचते. धुराला वाटच उरत नाही. ऊन चढेपर्यंत तो तिथेच कोंडून राहतो.

पावसाने हवा धुतली जाते हेही सरसकट घेऊ नका. जाड धूळ बसते, पीएम २.५ मधले, म्हणजे २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान असे अगदी बारीक कण तितक्या सहज धुतले जात नाहीत.

बाकी, लेखातलं हवेचं मोजमाप पहाटेचं की दुपारचं? त्यावर सगळं चित्र बदलतं.