रातकिडा नेमका कुठंय?

मृगाचा पाऊस पडला की चारदोन दिवसांत मराठवाड्यात घरोघरी मध्यरात्री एकच वाद रंगतो. "कपाटामागं हाय." "कपाटामागं कुठलं, माळ्यावर हाय!" सगळेच छातीठोक आणि सगळेच चूक. मला विचाराल तर यात कानांचा दोष नाही, डोकं गोल आहे हीच अडचण.

डावीकडचा आवाज उजव्या कानाला डोक्याला वळसा घालून पोचतो. डोकं साडेसतरा सेंटिमीटर व्यासाचा गोळा धरलं तर हा फेरा साडेबावीस सेंटिमीटरचा, उशीर 0.65 मिलिसेकंदाचा. म्हैस हंबरली तर दिशा ठरवायला एवढा उशीर भरपूर झाला. रातकिड्याचा सूर मात्र साधारण 4,500 हर्ट्झचा, एक लाट पावणेआठ सेंटिमीटरची. त्या फेऱ्यात अशा जवळपास तीन लाटा मावतात. कोणत्या कानातली लाट कितवी, हा हिशेब मेंदूला लागत नाही. उरते डोक्याची सावली, म्हणजे पलीकडच्या कानात आवाज हळू. माळवदाच्या घरात मातीच्या भिंती, ज्वारीची पोती, गोधड्यांची चळत यांत आवाज जिरतो, तिथं सावली टिकते. सिमेंटच्या भिंती आणि गुळगुळीत फरशी आली की आवाज उलटून येतो आणि तीही पुसतो. मान चार सेंटिमीटर सरकवा, मघाशी डावीकडं असलेला किडा उजवीकडं!

इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले डोळे मिटून हिरवळीवर उभे राहिले, तेव्हा माणूस बोलला की त्यांना दिशा कळायची. ट्यूनिंग फोर्क (एकच सूर देणारा धातूचा चिमटा) पुढं वाजतोय की मागं, ते कळेना. जाड आवाजाला वेळेचा फरक, बारीक आवाजाला सावली, ही वाटणी त्यांनी 1907 मध्ये मांडली. रातकिडा म्हणजे सहा पायांचा ट्यूनिंग फोर्कच.

तर, पंखा बंद, दिवा बंद. एका भिंतीवर गोधडी टांगा. खोलीच्या मधोमध अनवाणी उभं राहा. किड्याचे कान पुढच्या पायांवर असतात आणि जमिनीची धडधडही त्याला कळते. मग दोन मिनिटं गप्प. (आमच्याकडं सगळ्यात अवघड काम हेच.) आवाज सुरू झाला की मान सावकाश उजवीकडं वळवा. डावा कान भरला तर किडा पुढं, उजवा भरला तर मागं. वर की खाली, यासाठी डोकं खांद्याकडं कलवा. जागा बदलून पुन्हा हेच करा. दोन्ही जागांवरून कळलेल्या दिशांच्या रेघा जिथं छेदतील तिथं बॅटरी मारा.

किड्यावर पेला उपडा घाला, खालून लग्नपत्रिका सरकवा. पातळ कागद वाकतो, पत्रिका जाडच हवी. लग्नसराई नुकतीच आटोपलेली असते, तोटा नाही.