दीड तासाचं राज्य

आमच्या घरात टीव्हीच्या रिमोटची गादी वंशपरंपरेने चालते. लेखी काही नाही, पण क्रम सगळ्यांना पाठ आहे. आधी अण्णा, म्हणजे माझे सासरे. त्यांचा डोळा लागला की आमचे हे. ह्यांना फोन आला की धाकटा. धाकट्याला अभ्यासाला पिटाळलं की थोरली, आणि थोरलीने स्वतःच्या फोनमध्ये डोकं घातलं की सासूबाई. मग माझा नंबर सहावा असेल, असं तुम्हाला वाटेल. नाही. सासूबाईंनंतर टीव्ही बंद होतो.

त्या शनिवारी मात्र अख्खी वंशावळ एका दमात आडवी झाली. अण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन दोनच दिवस झालेले, त्यामुळे ते काळा चष्मा लावून, डोळे मिटून आरामखुर्चीत. ह्यांचा ऑफिसचा कॉल सुरू. बंद दाराआडून दर पाच मिनिटांनी “अहो, तुम्ही म्यूटवर आहात!” अशी आरोळी येत होती. धाकट्याचा सोमवारी गणिताचा पेपर. थोरली मैत्रिणीकडे, सासूबाई शेजारी. मी वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत बसले होते आणि एक चादर झटकली, तर तिच्यातून रिमोट पडला. थेट माझ्या मांडीत.

आता या वस्तूचं वर्णन करायला हवं, कारण इतक्या जवळून मीही तो पहिल्यांदाच बघत होते. मागचं झाकण केव्हाच हरवलंय, बॅटऱ्या रबरबँडने जागेवर धरल्यात. आवाज कमी करायच्या बटणावरची वजाबाकीची खूण झिजून गेलीय, वाढवायची बेरीज मात्र जशीच्या तशी ठसठशीत आहे. (यावरून घरात कोण काय करत असतं, ते ओळखा.) तो चालेना, म्हणून मी परंपरेने चालत आलेला विधी केला. बॅटऱ्या काढल्या, तळहातावर चोळल्या, जागा बदलून परत घातल्या आणि रिमोट मांडीवर दोनदा आपटला. टीव्हीचा लाल दिवा हिरवा झाला.

राज्य तर मिळालं, आता करायचं काय? कित्येक दिवस एक सिनेमा मनात होता, ‘किंग राल्फ’. १९९१ सालचा. लास वेगासच्या एका साध्याशा ठिकाणी पियानो बडवून गाणारा एक अघळपघळ अमेरिकन माणूस अचानक इंग्लंडचा राजा होतो. राजा झालाय जॉन गुडमन, आणि त्याला वळण लावणारा खाजगी सचिव पीटर ओ’टूल. योगायोग माझ्या लक्षात आला नव्हता असं नाही.

पण सिनेमाचं नाव पडद्यावर टाइप करणं हे राज्याभिषेकापेक्षा लांबलचक प्रकरण आहे. बाणाचं बटण दाबत दाबत अक्षरापर्यंत जायचं. एकदा दाबलं तर हलत नाही, दुसऱ्यांदा दाबलं तर तीन घरं पुढे उडी. खोडायला गेले तर सगळंच खोडलं गेलं. तिसऱ्या खेपेला माईकचं बटण सापडलं. त्याच्यापाशी तोंड नेऊन मी स्पष्ट आवाजात म्हटलं, “किंग राल्फ.” टीव्हीने मला केक रॅक दाखवले.

“काय लावतेयस गं?” आरामखुर्चीतून आवाज आला. अण्णा डोळे मिटून असतात, कान मिटून नाही.

शेवटी सिनेमा लागला. सुरुवातीलाच सगळं राजघराणं सामुदायिक फोटोसाठी उभं राहतं, पाऊस येतो, फोटोग्राफरच्या दिव्यांचा शॉक लागतो आणि सगळे एकदम खलास. इतक्या झटपट इतकी मोकळी जागा मी फक्त शेवटच्या स्टॉपला बसमध्ये पाहिलीय. मी नुकती मांडी घालून टेकले होते, तेवढ्यात अण्णा म्हणाले, “आता काय झालं?”

“सगळे गेले, अण्णा.”

“कोण सगळे?”

“इंग्लंडचे राजे, राण्या, राजपुत्र. फोटो काढताना.”

तिथून पुढे मी सिनेमा पाहिला नाही, सांगितला. पडद्यावर विनोद व्हायचा, मी तो अण्णांना समजावून द्यायची, तोवर पुढचा विनोद होऊन गेलेला असायचा. रेडिओवर क्रिकेटचं धावतं वर्णन करणाऱ्यांबद्दल मला त्या दिवसापासून फार आदर वाटतो. त्यांना निदान श्रोते उलटे प्रश्न तरी विचारत नाहीत.

आणि अण्णा चौतीस वर्षं दिवाणी कोर्टात होते. वारसाहक्काचे दावे त्यांच्या डोळ्यांखालून ढिगाने गेलेले. “मग हा गाणारा कसा आला मध्ये?” त्यांनी विचारलं.

“त्याची आजी हॉटेलात कामाला होती. तिथे एक ड्यूक उतरले होते...” इथे मी थोडी अडखळले. सासऱ्यांना असली गोष्ट कोणत्या शब्दांत सांगायची, हे आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. “तर... त्यांची ओळख झाली.”

“लग्न?”

“नाही.”

“मग दावा फेटाळला,” अण्णा म्हणाले आणि खुर्चीत मागे रेलले. “अनौरस संततीला गादी नाही. सिनेमा संपला. बंद कर.”

तेवढ्यात थोरली घरी आली. आल्या आल्या तिने फोन काढला आणि आजोबांचं खरं असल्याचं जाहीर केलं. इंग्लंडच्या कायद्यात विवाहबाह्य संततीला राजगादी मिळत नाही. शिवाय तिथे १७०१ सालापासून असा कायदा आहे की कॅथलिक माणूसही गादीवर बसू शकत नाही. त्या कायद्यामुळे १७१४ साली ॲन राणी वारली, तेव्हा पन्नासहून जास्त जवळचे नातेवाईक डावलून जर्मनीतल्या हॅनोव्हरच्या जॉर्जला बोलावून घेतलं. वय चोपन्न, आणि इंग्रजी यथातथाच.

“म्हणजे झालेलं आहे हे खरोखर!” मी आनंदाने ओरडले. मध्यमवयीन, भाषेची बोंब, आणि पन्नास जण डावलून एकदम गादी! मला त्या जॉर्जबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली.

“त्यात काय,” अण्णा म्हणाले. “बडोद्याचे सयाजीराव. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचं शेतकऱ्याचं पोर, बारा वर्षांचं. १८७५ साली मल्हाररावांना पायउतार केल्यावर जमनाबाईंनी दत्तक घेतलं. बाकीची मुलंही नेली होती. कशाला आलास म्हणून विचारलं, तर हा म्हणाला, राज्य करायला आलोय. असं सांगतात. धड लिहितावाचता येत नव्हतं तोवर! आणि पुढे १९३९ पर्यंत काय राज्य केलं त्यांनी!” मग जरा थांबून, “पण तिथे दत्तकविधान होतं. कागद होता.”

कागद आहे म्हटल्यावर अण्णांचं समाधान झालं. माझं झालं नाही, कारण या सगळ्यात राल्फला चालायला-बसायला शिकवण्याचे प्रसंग निघून गेले होते आणि मला खरं म्हणजे तेच बघायचे होते. राजाने कसं बसावं, काय बोलू नये, कुठे हसू नये. मला वाटलं होतं राजा झाल्यावर माणूस दुसऱ्यांना सांगतो. इथे तर ज्याला त्याला राजालाच काहीतरी सांगायचं होतं. पीटर ओ’टूल बिचारा निदान अदबीने तरी सांगत होता.

“आई, पाय खाली घे ना, मला बसायचंय,” धाकटा म्हणाला. हा कधी आला?

“तुझं गणित?”

“पाच मिनिटांचा ब्रेक.” त्याने सहज माझ्या हातातल्या रिमोटकडे हात पुढे केला. मी रिमोट उशीखाली सरकवला. नेमका त्याच वेळी पडद्यावर लॉर्ड ग्रेव्हज नावाचा इसम राल्फला घालवून स्टुअर्ट घराणं गादीवर आणायचं कारस्थान करत होता. त्यासाठी तो राल्फच्या मैत्रिणीलाच पैसे चारतो. मी धाकट्याकडे बघितलं. धाकटा उशीकडे बघत होता.

मग सासूबाई आल्या. त्यांना अर्ध्यातून बघायला काहीच अडचण येत नाही, आलेल्या माणसाने सगळं पहिल्यापासून सांगून घ्यायचं, हा त्यांचा साधा नियम आहे. “ह्याचे घरचे कुठायत?”

“राजघराण्यातले सगळे वारले. पावसात फोटो काढताना शॉक लागून.”

“पावसात वायरी टाकून फोटो?” सासूबाई थक्क झाल्या. “एवढ्या मोठ्या राजवाड्यात सांगायला एक बाईमाणूस नव्हतं?”

या प्रश्नाचं उत्तर सिनेमातही नाही.

एव्हाना राल्फचं लग्न फिनलंडच्या राजकन्येशी जुळवायची खटपट सुरू झाली होती. थोरलीने परत फोन काढला. “आई, फिनलंडला राजाच नाहीये.” मी म्हटलं, सिनेमा आहे, असू दे. पण तिला आता चेव आला होता. फिनलंडने १९१८ च्या ऑक्टोबरात हेसच्या फ्रीडरिश कार्ल नावाच्या जर्मन राजपुत्राला राजा म्हणून निवडलं होतं. महिन्याभरात जर्मनी महायुद्ध हरला आणि डिसेंबरात ह्याने नकार कळवून टाकला. देशात पाऊल न ठेवताच राज्य आटोपलं. त्यापाठोपाठ तिने घानातल्या ओतुआमची गोष्ट वाचून दाखवली. पेगिलीन बार्टेल्स, वॉशिंग्टनच्या घाना वकिलातीत सेक्रेटरी. २००८ साली रात्री झोपेतून उठवणारा फोन आला की तुझी आमच्या गावचा राजा म्हणून निवड झालीय. तिला वाटलं कुणीतरी थट्टा करतंय. राजा झालीच ती, पण नोकरीही सोडली नाही. सुट्टी काढून गावाला जायची, राज्य करायची, परत येऊन ऑफिसला हजर.

“सगळ्यांत खरी हीच,” मी म्हटलं. राज्य करून घरी आल्यावर डबेही तिलाच घासावे लागत असतील का, हे मात्र थोरलीला विचारलं नाही. तिने शोधून सांगितलं असतं.

राल्फने भर शाही समारंभात ‘गुड गॉली मिस मॉली’ सुरू केलं. जुन्या थाटाच्या त्या नाजूक पेटीवर हा अगडबंब माणूस बोटं आपटत होता. मला इतकं हसू आलं, की अण्णांना काय झालं ते सांगताच येईना. “अगं, हसतेस काय, सांग की!” ते चिडले. मी सांगितलं: राजा गातोय. “बरं मग?” यावर मला काही बोलता आलं नाही. कधी करून बघा, कुणाला तरी विनोद तोंडी सांगून. सासूबाईंनी आवाज कमी करायला सांगितलं. ह्यांनी आतून दार उघडून, कानाला हेडफोन तसाच ठेवून, हाताने तीच खूण केली. मी झिजलेलं बटण अजून थोडं झिजवलं.

शेवट आला. राल्फ पार्लमेंटपुढे उभा राहिला, घसा खाकरून बोलायला लागला, आणि माझ्या फोनचा गजर वाजला. अण्णांच्या डोळ्यांत थेंब टाकायची वेळ.

ते काम माझंच. इतरांचे हात थरथरतात म्हणे. हात धुतले, अण्णांचा चष्मा काढला, मान मागे, खालची पापणी बोटाने हलकेच ओढली, एक थेंब. तो गालावर. परत एक. “हलू नका, अण्णा.” मग पाच मिनिटं थांबून दुसऱ्या बाटलीतला. पाठीमागे टाळ्या ऐकू येत होत्या, कसलं तरी संगीत वाजत होतं. वळून बघायची सोय नव्हती, हातात बाटली होती.

वळले तेव्हा पडद्यावर नावं वर सरकत होती. रिमोट ह्यांच्या हातात होता. कॉल संपवून ते कधी येऊन माझ्या जागेवर बसले, कळलंही नाही. दुसऱ्या मिनिटाला क्रिकेट लागलं.

“राल्फचं काय झालं?” मी विचारलं.

“आई, मध्ये बोलू नको ना, ओव्हर चालू आहे,” धाकटा म्हणाला.

“त्याने गादी सोडली,” आरामखुर्चीतून अण्णा म्हणाले. डोळे मिटलेले, गालावरून औषधाचा ओघळ. “तो म्हातारा सचिव होता ना, त्याला शिकवणारा, तोच वारस निघाला. त्याला बसवलं.”

“सचिव? पण अण्णा, तो तर पहिल्यापासून तिथेच होता!”

“होता की. यादी कोणी नीट तपासलीच नव्हती,” अण्णा म्हणाले. “आणि हे बघ, दुसरा थेंब कानात गेलाय.”